नवे पॅकिंग, जुनी गळती



माझी पहिली बारा वर्षे गॅरेजमध्ये गेली आणि पुढची सत्तावीस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना मोटारदुरुस्ती शिकवण्यात. आता निवृत्त आहे, पण शेजारीपाजारी, नातेवाईक अजून गाडीची दुखणी घेऊन येतात. त्यांतला एक प्रश्न इतक्यांदा कानावर आला आहे की आजच्या भाषणासाठी तोच घ्यावा असे ठरवले. प्रश्न असा : "गेल्याच महिन्यात टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले, तरी तेल गळतेच आहे. पॅकिंग डुप्लिकेट होते का हो?"

पॅकिंग कधी कधी निकृष्ट असते, नाही असे नाही. पण माझ्या अनुभवात दहातल्या आठ-नऊ वेळा पॅकिंग बिचारे निर्दोष असते. दोष ते बसवणाऱ्या हाताचा असतो. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण एके काळी तो हात माझाच होता.

गोष्ट १९८४ सालची. मी एकवीस वर्षांचा होतो आणि साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये उमेदवारी करत होतो. आमच्याकडे एक टॅक्सीवाले काका यायचे. त्यांची अँबॅसिडर होती, आणि त्या एका गाडीवर सहा माणसांचे घर चालत होते. इंजिनाच्या माथ्यावरून तेल पाझरते, अशी त्यांची तक्रार. उस्ताद त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. मी म्हटले, त्यात काय मोठे? जुने पॅकिंग खरवडून काढले, नव्याला दोन्ही अंगांनी भरपूर शेलॅक फासले, कव्हर ठेवले आणि अंगात होता नव्हता तो जोर लावून दोन्ही नट आवळले. काका खूश, मीही खूश.

चार दिवसांनी काका परत आले. तेल पाझरतच होते. मी नट आणखी आवळले. आठवड्याने पुन्हा आले. मी पुन्हा आवळले. तिसऱ्या खेपेला मात्र काका आले ते थेट उस्तादांकडे, आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. पुण्याहून डोळ्यांचे ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना घेऊन ते साताऱ्याकडे निघाले होते. खंबाटकी घाट चढताना बॉनेटच्या फटीतून निळसर धूर येऊ लागला आणि जळक्या तेलाचा वास गाडीत भरला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आजोबांना धरून खाली उतरवावे लागले, रस्त्याकडेच्या दगडावर बसवावे लागले. पाऊण तासाने इंजिन निवल्यावर गाडी कशीबशी वर आली. काकांनी त्या फेरीचे भाडे घेतले नाही.

धूर कशाचा होता? त्या इंजिनात जळालेला वायू बाहेर नेणारी बिडाची नळी, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, डाव्या अंगाला बरोबर टॅपेट कव्हरच्या खाली असते. घाट चढताना ती काहीशे अंशांपर्यंत तापते. वरून ओघळलेले तेल तिच्यावर पडले की त्याची वाफ आणि धूर होतो. योग वाईट असला तर ते पेटही घेते. त्या दिवशी पेटले नाही, हे आमचे सगळ्यांचे नशीब.

आता हे टॅपेट कव्हर म्हणजे काय, ते आधी पाहू. इंजिनाच्या अगदी वर पत्र्याचे, अॅल्युमिनियमचे किंवा हल्ली प्लॅस्टिकचे एक झाकण दिसते. त्याखाली इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारी यंत्रणा असते. इंजिन चालू असताना या भागांवर सतत तेल येत असते. ते उडते, शिंतडते आणि ठरलेल्या भोकांतून पुन्हा खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरते. हे तेल बाहेर येऊ नये आणि धूळ आत जाऊ नये, एवढेच या झाकणाचे काम. झाकण आणि हेड यांच्यामधली जी पट्टी, तिला पुस्तकात गॅस्केट म्हणतात आणि गॅरेजात पॅकिंग.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या घरातल्या कुकरच्या रिंगला आत कोंडलेल्या वाफेशी झुंजायचे असते. चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब तिला पेलावा लागतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर तसा काही दाब नसतो. इंजिनाच्या मुख्य तेलनळीत तेलाला तीन-चार किलोचा दाब असेल, पण कव्हरखाली पोचल्यावर ते मोकळे होते आणि नुसते ओघळते. मग या झाकणाला घट्ट आवळायचे कशासाठी? डब्याचे झाकण लावावे, तसे ते बसले की पुरे.

किती पुरे, याचा आकडाही ठरलेला असतो. अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मूळ ब्रिटिश घडणीचे. त्याच्या टॅपेट कव्हरच्या नटांना सुमारे ४ फूट-पाउंड एवढाच पीळ द्यायचा असतो. म्हणजे अर्धा फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेतीन किलोची पिशवी टांगली तर जेवढा जोर येईल, तेवढाच. त्याच इंजिनात खालच्या हेडच्या नटांना याच्या सुमारे दहापट जोर लागतो. माझ्यासारखा एकवीस वर्षांचा गडी पाय रोवून पाना ओढतो, तेव्हा पंचवीस-तीस किलोचा जोर सहज लागतो. मी काय करून ठेवले होते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

जास्त आवळले तर बिघडते काय, हा प्रश्न माझे विद्यार्थीही विचारायचे. त्याचे उत्तर पॅकिंग ज्या पदार्थाचे असते, त्याच्या अंगी आहे.

जुन्या गाड्यांचे पॅकिंग बुचाचे, म्हणजे कॉर्कचे असे. बूच ही एका जातीच्या ओक झाडाची साल. पोर्तुगाल आणि स्पेन हे तिचे मोठे उत्पादक. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली आपल्या पुस्तकात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या बुचाचे चित्र छापले. त्यात दिसलेल्या बारीक बारीक खोल्यांना त्याने ‘सेल’ म्हटले, आणि जीवशास्त्राला तो शब्द तिथून मिळाला. या बंद खोल्यांत हवा असते. म्हणून बूच दाबले तर ते जाडीत कमी होते, पण बाजूला फारसे पसरत नाही, आणि सोडले की पुन्हा फुगते. हाच त्याचा गुण पॅकिंगमध्ये कामी येतो. पण प्रमाणाबाहेर दाबले तर त्या खोल्यांच्या भिंती मोडतात. मोडलेले बूच पुन्हा उठत नाही. इंजिन तापते, निवते, धातू प्रसरण-आकुंचन पावतो, त्याबरोबर पॅकिंगने खालीवर व्हायला हवे. मेलेले बूच ते करू शकत नाही, आणि फट पडते.

रबराचा स्वभाव याच्या अगदी उलट. रबर जाडीत दाबले की त्याला बाजूला सरकावेच लागते, कारण त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही. मळलेल्या कणकेचा गोळा पोळपाटावर दाबावा तसे ते कडेने बाहेर येते. जास्त आवळलेले रबरी पॅकिंग खाचेतून निसटते, पिळवटते किंवा बोल्टजवळ कापले जाते. थोडक्यात, पॅकिंग कोणतेही असो, गळतीवर ‘आणखी आवळा’ हे औषध नव्हे. बहुतेक वेळा तेच दुखण्याचे मूळ असते.

आता पुन्हा त्या टॅक्सीकडे. उस्तादांनी मला रागावण्यात वेळ घालवला नाही. कव्हर काढायला लावले, स्वच्छ पुसायला लावले आणि टेबलावरच्या जाड काचेवर पालथे न घालता, जसे इंजिनावर बसते तसे ठेवायला सांगितले. मग वहीचा एक कागद दिला आणि म्हणाले, "चारी बाजूंनी खाली सरकतो का बघ." पुढच्या आणि मागच्या टोकाला कागद सुरकन आत गेला. कव्हरचा काठ वाकला होता. अँबॅसिडरच्या कव्हरला काठावर एकही बोल्ट नसतो. माथ्यावरच्या दोन नटांनीच सगळे कव्हर खाली धरलेले असते. ते आवळत गेले की पत्र्याचा माथा खचतो, मधला काठ पॅकिंग चिरडतो आणि टोके वर उचलली जातात. मी जितके आवळत होतो, तितकी टोके उघडत होतो.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. त्या दोन नटांखाली रबरी बुशे असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती दगडासारखी कडक झाली होती, आणि तेल मुळात तिथूनही झिरपत होते. मी पॅकिंग नवे घातले, पण बुशे तीच ठेवली. बुशांची किंमत तेव्हा काही पैशांत होती.

उस्तादांनी त्या दिवशी जे करून दाखवले, तेच पुढे मी वर्गात शिकवत आलो. ते क्रमाने सांगतो.

पहिले काम सफाईचे, आणि ते इंजिन पूर्ण गार असताना. कव्हर उघडण्याआधी बाहेरची धूळ-चिखल पुसून काढावा, नाहीतर तो सगळा आत पडतो. कव्हर निघाल्यावर तेल खाली उतरण्याच्या भोकांवर स्वच्छ फडके ठेवावे, म्हणजे जुन्या पॅकिंगचे तुकडे आत जाणार नाहीत. ते खरवडायला स्क्रूड्रायव्हर किंवा पटाशी घेऊ नये. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर एका ओरखड्यातून कायमची वाट तयार होते. बांबूची किंवा प्लॅस्टिकची चपटी कामटी उत्तम. शेवटी दोन्ही पृष्ठभाग तेलाचा लवलेशही उरणार नाही असे पुसावेत. रॉकेलने धुतले तर त्याचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून अखेरचा हात थिनर लावलेल्या फडक्याने द्यावा. जवळपास विडी-काडी नको, हे सांगायला नकोच.

दुसरे काम तपासणीचे. कव्हर काचेवर ठेवून सपाट आहे का, ते पाहावे. पत्र्याचे असेल तर वाकलेला काठ लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकत सरळ करता येतो. प्लॅस्टिकचे कव्हर वाकले किंवा तडकले असेल तर ते बदलणेच शहाणपणाचे. नटांखालची बुशे, वॉशर आणि रबरी रिंगा पॅकिंगबरोबरच नव्या घालाव्यात.

तिसरे काम पॅकिंग बसवण्याचे. बुचाचे पॅकिंग दुकानात पडून वाळलेले असते, कधी कधी आखडून लहानही झालेले असते. ते ताणून बसवू नये. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवले की मऊ होऊन मूळ मापावर येते. मग कोरडे करून फक्त कव्हरच्या बाजूला पातळ शेलॅक लावून चिकटवावे आणि सुकू द्यावे. हेडची बाजू कोरडी ठेवावी. मी दोन्हीकडे ओले शेलॅक फासले होते. त्यामुळे आवळताना पॅकिंग चिखलात पाय सरकावा तसे आत सरकले होते.

खाचेत बसणाऱ्या रबरी पॅकिंगला तर सबंध लांबीभर काहीही लावायचे नसते. काही इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाशी दोन भाग जुळतात आणि तिथे कोपरा किंवा अर्धगोल तयार होतो. फक्त अशा जागी, कंपनीच्या पुस्तकात सांगितले असेल तर, सिलिकॉनचा छोटा ठिपका द्यायचा. जास्त सिलिकॉन बाहेर दिसते तेव्हा काम पक्के झाल्यासारखे वाटते. पण जेवढे बाहेर आलेले असते, तेवढेच आतही आलेले असते. त्याचे तुकडे सुटून संपमध्ये गेले आणि तेलपंपाच्या जाळीत अडकले, तर शे-दोनशे रुपयांच्या पॅकिंगपायी सबंध इंजिन जाऊ शकते. शिवाय सिलिकॉन सुकायला वेळ लागतो. ट्यूबवर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

चौथे काम आवळण्याचे. आधी सगळे बोल्ट हाताने लावून घ्यावेत. मग मधून सुरुवात करून समोरासमोरचे बोल्ट घेत कडेकडे जावे, आणि हे दोन-तीन फेऱ्यांत करावे. आजच्या बऱ्याच मोटारींत कव्हरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पीळ असतो. आपापल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात मिळतो. त्यासाठी टॉर्क पाना वापरावा. तो नसेल तर लहानातला लहान पाना घ्यावा आणि मनगटाच्या जोरावर थांबावे. बुचाचे पॅकिंग काही दिवसांत थोडे बसते, म्हणून एकदा गार इंजिनावर नट पुन्हा तपासावेत, पण त्याच ठरलेल्या आकड्यापर्यंत. रबरी पॅकिंगला ही दुसरी खेप लागत नाही.

एवढे सगळे बिनचूक केले तरी गळती परत आली, तर? मग दोष पॅकिंगमध्येही नाही आणि हातातही नाही. इंजिनाच्या श्वासात आहे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू नेहमीच खाली निसटतो. तो कोंडू नये म्हणून इंजिनाला ब्रीदर असतो. एक नळी हा वायू पुन्हा हवेच्या वाटेने इंजिनात ओढून नेते. नव्या गाड्यांत तिच्यावर एक छोटा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. ही वाट काजळीने, चिकट्याने बंद झाली की इंजिनात वाफ कोंडल्यासारखा दाब साचतो आणि सगळ्यात कच्च्या जागेतून तेल बाहेर ढकलतो. ती कच्ची जागा म्हणजे बहुधा टॅपेट कव्हरचे पॅकिंग. काकांच्या गाडीचा ब्रीदरही निम्मा बुजलेला निघाला. म्हणून पॅकिंग बदलताना ब्रीदरची नळी साफ करणे हे त्याच कामाचा भाग समजावे. नळी साफ असूनही तेलाच्या टोपणातून जोराने धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. तिथे कितीही पॅकिंगे बदलली तरी उपयोग नाही.

आणखी एक सावधगिरी. तेल खाली ठिबकते तिथेच ते गळते, असे नसते. वरचे तेल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जाते. त्यामुळे टॅपेट कव्हरची गळती खालचे सील गेल्यासारखी दिसते, आणि उलटही घडते. इंजिन गार असताना ते स्वच्छ पुसावे, कोरडे करावे, जोडावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरावी आणि थोडा वेळ इंजिन चालवावे. पावडर जिथे सगळ्यात वर ओली होईल, तिथे दुखणे.

थोडेसे गळले तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. तेलाचे सुमारे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दर दहा सेकंदांनी एक थेंब पडला तर तासाला तीनशे साठ थेंब, म्हणजे अठरा मिलिलिटर. दिवसाला दहा तास चालणाऱ्या टॅक्सीचे पाच-सहा दिवसांत लिटरभर तेल जाते. इंजिनात सगळे मिळून असते चारेक लिटर. आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलावर पहिल्या पावसात घसरतो तो कुणी दुसराच.

अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आताच्या मोटारींत बूच जवळजवळ दिसत नाही, कव्हरे प्लॅस्टिकची आली. काही इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरच्या मधल्या विहिरीत बसतात. तिथले गोल सील बदलायचे राहिले तर तेल प्लगच्या विहिरीत साचते आणि इंजिन अडखळते. मोटारसायकलींच्या हेडवरच्या झाकणांना आणि गोल टोप्यांनाही रबरी रिंगा असतात. सर्व्हिसिंगला त्या पुन्हा पुन्हा आवळून तिथले आटे गेलेले मी कितीतरी पाहिले. साधने बदलली, पण चुका त्याच राहिल्या.

तुम्ही स्वतः पाना हातात धरत नसाल, तरी गाडी ताब्यात घेताना मिस्त्रींना चार गोष्टी आदराने जरूर विचारा. कव्हर सपाट आहे का पाहिले? बुशे आणि प्लगचे सील बदलले? ब्रीदर साफ केला? बोल्ट किती आवळले? चांगला मिस्त्री या प्रश्नांचा राग मानत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून दोन गोष्टी जास्त सांगतो.

त्या टॅक्सीत उस्तादांनी पुन्हा नवे पॅकिंग आणि नवी बुशे घातली. पैसे माझ्या पगारातून कापले आणि खंबाटकीच्या त्या बुडालेल्या फेरीचे भाडे काकांना स्वतःच्या खिशातून दिले. आठवड्याने काका आले. मी जरा धास्तावूनच पुढे झालो. त्यांच्या हातात घडी केलेले वर्तमानपत्र होते. रात्रभर ते इंजिनाखाली पसरून ठेवले होते. त्यांनी ते माझ्यासमोर पूर्ण उघडले आणि दोन्ही बाजूंनी दाखवले. त्यावर तेलाचा एकही डाग नव्हता.

श्रोतेहो, तुमच्या गाडीचे पॅकिंग बदलून आले की त्या रात्री तुम्हीही असेच एक जुने वर्तमानपत्र तिच्याखाली पसरून ठेवा. सकाळी ते कोरडे निघाले, तर काम नीट झाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)